एका टाकीत जोग

“अजून स्वल्प बसेल. फेस खाली बसू द्या की,” कमलाक्का पंपावरच्या माणसाला तिसऱ्यांदा म्हणाल्या.

नळी दोनदा आपोआप बंद पडली होती. मागे दोन टेम्पोवाले हॉर्नवर हात ठेवून बसले होते. पण कमलाक्कांना त्याचं काय! त्यांनी पदर खोचला, गाडीच्या मागच्या कोपऱ्याला दोन्ही हात लावले आणि गाडी गदागदा हलवायला सुरुवात केली. टाकीत कुठे हवा अडकून बसली असेल तर तिनं बाहेर निघावं आणि तिच्या जागी डिझेल बसावं, एवढाच त्यांचा हेतू. रघुपतीराव स्टिअरिंगवर बसून समोरच्या जाहिरातीची पाटी वाचत होते. या बाईंशी आपला काही संबंध आहे असं त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

“अम्मा, आता गळ्यापर्यंत आलं,” पंपवाल्यानं हात जोडले.

तेव्हा कुठे कमलाक्का गाडीत चढल्या. काटा उजवीकडे पार टोकाला टेकला होता. त्याच्याकडे बघून त्या अशा हसल्या की रघुपतीरावांनाही वाचन सोडून बघावं लागलं. या एका टाकीवर त्यांची गाडी राहणार की जाणार हे ठरणार होतं, आणि कमलाक्कांनी ती आपल्याकडेच ठेवायची असा चंगच बांधला होता.

कमलाक्का चामराजपेटेतल्या. त्यांचे पूर्वज शहाजीराजांच्या काळात फौजेबरोबर बंगळुराला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि भांडण रंगात आलं की दोन्ही. कन्नड शाळेत त्यांनी चौतीस वर्षं भूगोल शिकवला. थरचं वाळवंट शिकवलं, ब्रह्मपुत्रा शिकवली, शरावती आणि जोगचा धबधबा तर दरवर्षी नव्या उत्साहानं शिकवला. राजा, राणी, रोअरर, रॉकेट ही त्याच्या चार धारांची नावं त्यांच्या वर्गातली मुलं झोपेतसुद्धा सांगायची. स्वतः बाईंनी मात्र काय बघितलं? तर शाळेची सहल. ती दरवर्षी म्हैसूरला जायची आणि ओकणाऱ्या मुलांपुढे पिशव्या धरण्यातच बाईंचा दिवस संपायचा.

म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की आता नकाशात जे जे दाखवलं ते ते बघायचं. हॉटेलं आणि विमानं त्यांना परवडणार नव्हती. मग व्हाइटफील्डच्या कंपन्यांत माणसांची ने-आण करणारी एक मिनीबस कोरोनात बसून राहिली होती, ती त्यांनी विकत घेतली. रघुपतीराव घड्याळाच्या कारखान्यात तपासनीस होते. केसाएवढा फरक दिसला तरी भाग बाद करायचा, हीच त्यांची आयुष्यभराची नोकरी. त्यांनी स्वतः उभं राहून गाडीत दोन पलंग बसवून घेतले, शेगडी, बेसिन, पाण्याची टाकी, टपावर सोलर आणि खाली पंखा. पडदे कमलाक्कांच्या जुन्या इरकली साड्यांचे. आरटीओत दोघांनी इतके हेलपाटे घातले की तिथला शिपाई त्यांना कॉफी विचारायला लागला. गल्लीनं गाडीचं नाव ठेवलं घरगाडी.

आणि घरगाडी तयार होते न होते तोच डिझेल चढायला लागलं. आधी थोडं, मग आणखी थोडं, मग सरकारनं कर वाढवला म्हणून पुन्हा एकदा. घरगाडी ती, तिची भूकही घराएवढी! दोघांची पेन्शन तिच्या पोटात कुठे गडप व्हायची कळायचं नाही. काश्मीरचा बेत आधी राजस्थानावर आला, राजस्थानचा गोव्यावर आणि शेवटी घरगाडी गेली ती देवनहळ्ळीच्या पुढे, नंदी डोंगराच्या पायथ्याशी. तिथे त्यांनी चहा केला, उप्पिट खाल्लं आणि परत आले. येताना हेब्बाळच्या उड्डाणपुलावर गाडी इतका वेळ एका जागी घरघरत राहिली की रघुपतीरावांच्या म्हणण्याप्रमाणे डोंगर बघायला जेवढं डिझेल लागलं त्याहून जास्त पूल बघायला लागलं.

त्या दिवसापासून रघुपतीरावांनी गाडी विकायचं काढलं. शेजारच्या उमाकांतनं गिऱ्हाईकही आणलं, त्याचाच भाचा हर्ष. हर्षला इंदिरानगरात गाडीतलं कॉफीचं दुकान काढायचं होतं. तो आला, त्यानं पडद्यांचे फोटो काढले, “सो क्यूट” म्हणाला आणि इंजिन काढून टाकलं तर आणखी दोन टेबलं बसतील का असं विचारलं. कमलाक्कांच्या अंगाचा तिळपापड झाला.

“इंजिन काढणार? म्हणजे गाडीचा खांबच करणार की हा!”

“मग आपल्याकडे तरी काय आहे ती?” रघुपतीराव शांतपणे म्हणाले. “खांबच. वर विमा भरतो आपण तिचा.”

हे कमलाक्कांना लागलं, कारण ते खरं होतं. रात्रभर त्या तळमळल्या आणि सकाळी कॉफीचा पेला नवऱ्यापुढे ठेवता ठेवता त्यांनी पैज मांडली. टाकी एकदाच फुल करायची. जोग बघून दारात परत यायचं. मध्ये दुसऱ्यांदा डिझेल भरायचं नाही. जमलं तर गाडी राहिली. नाही जमलं तर हर्षनं खुशाल इंजिन काढावं.

रघुपतीरावांनी मनातल्या मनात अंतर मोजलं आणि ते हसले. “जोगपर्यंत जाऊन परत? एका टाकीत? कमला, तू भूगोल शिकवलास की गोष्टी?”

“गाडी शिवमोग्ग्यापर्यंतच न्यायची. तिथं तुमच्या थोरल्या चुलतबहिणीच्या, भार्गवी अक्काच्या अंगणात ठेवायची. पुढं बस. बायकांना सरकारी बस फुकट आहे, ठाऊक आहे ना?”

“आणि मला?”

“तुम्ही तिकीट काढा की. तुम्हाला कोण नको म्हणतंय?”

रघुपतीरावांना यात खोट काढता येईना. शिवमोग्ग्याला जाऊन यायला टाकी पुरत होती, वर थोडं उरतही होतं. “सरी, कबूल,” ते म्हणाले. “पण मग नंतर रडायचं नाही.”

मग काय विचारता! कमलाक्कांनी घरगाडीला उपास घडवला. जाड गाद्या उतरल्या, पातळ सतरंज्या आल्या. पितळेचे डबे गेले. मोठा सिलिंडर जाऊन छोटा आला. पाण्याची टाकी त्यांनी कोरडी केली, पाणी काय कुठेही मिळतं. टपावरचा सामानाचा सांगाडा नटबोल्ट खोलून काढायला लावला, कारण तो वारा अडवतो असं त्यांनी मोबाइलवर बघितलं होतं. चाकांत हवा मापून भरली. शुक्रवारी संध्याकाळी घरगाडी इतकी हलकी झाली होती की कमलाक्का तिच्याभोवती नुसत्या फेऱ्या मारत होत्या.

पण चामराजपेटेतल्या या मराठी घरांची एक रीत आहे, आणि ती कमलाक्कांच्या हिशेबात आलीच नव्हती. कुणी गावाला निघालं की त्यानं इतरांचं सामान न्यायचं. नाही म्हणायची सोयच नाही. पिशवी घेऊन निघालेल्याकडे पुडी देतात, बॅग घेऊन निघालेल्याकडे डबा देतात. मग अख्खं घर घेऊन निघालेल्याकडे काय द्यायचं? शनिवारी पंपावरून घरगाडी दारात येऊन उभी राहिली आणि बातमी फुटली. अर्ध्या तासात उमाकांत पायानं चालवायचं शिलाई मशीन घेऊन आला, लोखंडी स्टँडसकट. मुलगी शिवमोग्ग्याला दिली होती, तिला हवं होतं. कोपऱ्यावरच्या मावशींनी लोणच्याची चिनी मातीची बरणी आणली, भरलेली. कुणी दोन पोती जुनी पुस्तकं आणली. आणि कमलाक्कांच्या चुलत जावेनं तर चौघांच्या खांद्यावरून दगडी रुब्बूगुंडा पाठवला, इडलीचं पीठ वाटायचा. “भार्गवी अक्काला मिक्सरचं पीठ आवडत नाही गं. तुझी गाडी रिकामीच चाललीय की.”

कमलाक्का वाकून पलंगाखाली बघून आल्या. गादीच्या कापसाचं वजन करून गाडी हलकी केली होती आणि आता पाटा-वरवंट्याचा थोरला भाऊ पलंगाखाली जाऊन बसला होता. पण नाही कसं म्हणणार? त्यांच्या लग्नात त्यांचं रुखवत याच लोकांनी असंच कुणाकुणाच्या गाडीतून आणलं होतं. त्या प्रत्येकाला “हो, हो, ठेवा की” म्हणत राहिल्या. रघुपतीराव ओट्यावर बसून पेपर वाचत होते आणि दर नगाला पेपराच्या आडून मान हलवत होते.

“हसताय ना?” कमलाक्का म्हणाल्या.

“मी कुठं हसतोय? मी वजन घेतोय.”

रविवारी गाव उठायच्या आत ते निघाले. यशवंतपूर झोपलेलं, गोरगुंटेपाळ्याचा तो नेहमीचा भयंकर चौक रिकामा, सगळे सिग्नल पिवळे मिचकावत होते. घरगाडी तुमकूरच्या रस्त्याला लागली आणि कमलाक्कांनी खिडकी उघडून गार वारा तोंडावर घेतला. एसी बंदच होता. त्यांना शाळेतल्या मुलासारखं ओरडावंसं वाटलं आणि त्या ओरडल्याही. रघुपतीराव दचकले.

“अहो, चाललो आपण! खरंच चाललो!”

“चाललो की. ओरडून डिझेल वाचतं का?”

रघुपतीराव पैजेच्या उलट बाजूला होते, पण त्यांची गाडी चालवायची पद्धत बघण्यासारखी होती. एकच वेग, ना कमी ना जास्त. दूर समोर गतिरोधक दिसला की पाय आधीच उचलायचा, ब्रेकला पाय म्हणून लावायचा नाही. मागून लॉऱ्या शिव्या घालत पुढे जात होत्या. रघुपतीरावांना हवं असतं तर दोनचारदा पाय दाबून ते सहज जिंकले असते. पण त्यांच्या हातून ते होणार नव्हतं, आणि कमलाक्कांना हे माहीत होतं. म्हणून तर पैज मांडायची हिंमत त्यांनी केली होती. तिपटूरला त्यांनी रस्त्याकडेला थांबून चुरमुऱ्याचा भडंग खाल्ला, शेगडीवर कॉफी केली. कडूरनंतर हवा ओली झाली, सुपारीच्या बागा सुरू झाल्या आणि कमलाक्का दर वळणाला “ते बघा, ते बघा” करत राहिल्या.

शिवमोग्ग्याला भार्गवी अक्कांच्या अंगणात गाडी शिरली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा काट्याकडे नीट बघितलं. तो अर्ध्याच्या खाली गेला होता. थोडासाच, पण खाली.

“रुब्बूगुंड्यानं घात केला,” कमलाक्का पुटपुटल्या.

“मशीनचाही हात आहे,” रघुपतीराव म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, हे त्या वेळी कमलाक्कांच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघांनी सागरची बस धरली. कमलाक्कांनी ऐटीत आधार कार्ड काढलं. दोघांचं मराठी बोलणं ऐकून कंडक्टरनं कार्ड उलटसुलट बघितलं. “महाराष्ट्रवाल्यांना नाही हं अम्मा, इथल्यांनाच.” कमलाक्कांनी त्याला शुद्ध कन्नडमध्ये विचारलं की बाबा, तुझ्या घराण्यात चारशे वर्षांपूर्वी कोण कुठं होतं ते सांगतोस, की मी माझं सांगू? सगळी बस हसली. कंडक्टरनं हसत हसत शून्याचं तिकीट फाडून हातात दिलं. रघुपतीरावांनी मुकाट्यानं पाकीट काढलं. पुढचा सगळा रस्ता कमलाक्का अधूनमधून ते शून्याचं तिकीट बाहेर काढून बघत होत्या आणि नवऱ्याला दाखवत होत्या.

सागरला बस बदलून जोगला उतरले तर समोर काय? काही नाही. नुसतं पांढरं. दरीत दुधासारखं धुकं भरलेलं, आणि त्या धुक्याच्या पोटातून आवाज. तो आवाज कानातून कमी आणि पायांतून जास्त येत होता. कठड्याशी शेकडो माणसं छत्र्या घेऊन उभी होती आणि कुणालाच काही दिसत नव्हतं. एक तास गेला. दुसरा गेला. माणसं कंटाळून निघायला लागली. रघुपतीरावांनी घड्याळ बघितलं, शेवटची सोयीची बस थोड्या वेळानं होती.

“कमला, आवाज तर ऐकला की आपण.”

“मी नाही हलणार.” त्या चिंब भिजल्या होत्या, कठडा धरून उभ्या होत्या. “चौतीस वर्षं मी पोरांना हे खोटं सांगितल्यासारखं शिकवलंय. पुस्तकात बघून. मला बघू द्या.”

रघुपतीरावांनी आपली छत्री त्यांच्या डोक्यावर धरली आणि बस जाऊ दिली.

आणि मग वारा फिरला. धुकं डाव्या बाजूनं फाटत गेलं, आणि राजा दिसला. आख्खा. वरून सुटलेला तो थेट खाली, मध्ये कुठेही न टेकता. मग रोअरर, कड्याच्या कपारीतून उसळून आलेला. मग रॉकेट. मग राणी, खडकावरून पसरत आलेली. “राजा! रोअरर! रॉकेट! राणी!” कमलाक्का हात करून करून ओरडायला लागल्या. वर्गातल्यासारख्या, खड्या आवाजात. आजूबाजूची अनोळखी माणसं त्यांच्या हाताकडे बघून धारा ओळखायला लागली, कुणाच्या तरी खांद्यावरच्या पोरानं त्यांच्यामागून नावं म्हटली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. एवढा आनंद त्यांना आयुष्यात फार वेळा झाला नव्हता. पाहिलेलं पुस्तकापेक्षा मोठं होतं, कितीतरी मोठं.

रघुपतीरावांनी छत्री केव्हा मिटली ते त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. ते दोन्ही हात कठड्यावर ठेवून उभे होते, चष्मा थेंबांनी भरला होता आणि तो पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. धुकं पुन्हा मिटलं तेव्हा ते हळूच म्हणाले, “आणखी एकदा उघडेल का गं?”

उघडलं. त्यासाठी त्यांची आणखी एक बस चुकली.

मंगळवारी सकाळी लौकर निघायचं ठरलं होतं. दुपारच्या आत बंगळुरात शिरायचं, म्हणजे संध्याकाळच्या गर्दीत सापडायचं नाही. पण भार्गवी अक्का उठल्या त्याच कमरेला पदर खोचून. पाहुण्याची गाडी रिकामी परत पाठवायची नाही, हीही रीतच. अंगणात तांदळाचं पोतं उभं होतं, नारळांची रास होती, दोन फणस होते आणि सुपारीचं गाठोडं. रुब्बूगुंड्याच्या बदल्यात एवढं तरी द्यायलाच पाहिजे!

कमलाक्कांनी भार्गवी अक्कांचे दोन्ही हात धरले. “अक्का, यातलं काही नको. पाया पडते तुमच्या. माझी गाडी जाईल.” आणि त्यांनी सगळं सांगितलं, पैज, हर्ष, टाकी, काटा. सांगताना त्यांना रडू आलं, कारण वडीलधारीच्या दारातून दिलेलं सामान नाकारून निघायचं हे त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

भार्गवी अक्कांचा चेहरा आधी पडला. मग म्हणाल्या, “आयतु, बरं. गाडीत नको तर नको. पोटात घाला.”

आणि त्यांनी चूल पेटवली. फणसाची भाजी, नारळाच्या दुधातली खीर, नव्या तांदळाचा भात, वर तूप. पानावरून उठायची परवानगी नाही. “वजन तेच झालं की,” रघुपतीराव तिसरी वाटी खीर संपवून कमलाक्कांच्या कानात कुजबुजले. शेवटी ओटीत मूठभर तांदूळ आणि एकच नारळ घेऊन ते निघाले तेव्हा सूर्य डोक्यावरून कलला होता.

परतीच्या वाटेवर रघुपतीराव काही वेगळेच चालवत होते. जाताना चोख चालवत होते, आता जीव लावून. चढ आला की पुढे वाकायचे, जसं काही आपण वाकल्यानं गाडीला मदत होते. अरसिकेरेला त्यांनी गाडी थांबवली, खाली उतरले आणि पाण्याचा कॅन ओतून दिला. तुमकूरच्या अलीकडे चाकांतली हवा तपासली. कमलाक्का त्यांच्याकडे बघत होत्या. हा माणूस जिंकायचं सोडून हे काय करतोय, असं त्यांना वाटत होतं, पण विचारायची हिंमत होईना.

नेलमंगलाला काटा लाल पट्टीवर आला. आणि पुढे बंगळूर संध्याकाळच्या भरात आलेलं.

गोरगुंटेपाळ्याच्या चौकात सगळा जिल्हा जमला होता. लॉऱ्या, बसगाड्या, रिक्षा, ऑफिसच्या कॅब, मधून घुसणारे मोटरसायकलवाले. गाडी हातभर पुढे, मग थांब. हातभर पुढे, मग थांब. रघुपतीराव प्रत्येक थांब्याला इंजिन बंद करत होते आणि मागचे ओरडले की चालू करत होते. घामानं त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. कमलाक्का हात जोडून काट्याकडे बघत बसल्या होत्या. काटा लाल पट्टीच्या तळाला गेला, मग पट्टी सोडून खाली, जिथे काही आकडेच नसतात तिथे. यशवंतपूर गेलं. राजाजीनगर गेलं. मागडी रोडचा सिग्नल लागला आणि सुटला. डाव्या हाताला पंप आला, झगझगीत दिव्यांचा. त्याच्यासमोरच गाडी अडकली. कमलाक्कांनी डोळे मिटून घेतले. रघुपतीरावांनी पंपाकडे बघितलंसुद्धा नाही.

“डिझेल संपलं तर पाइपात हवा धरते,” ते स्वतःशीच बोलत होते. “मग मेकॅनिकशिवाय चालू होत नाही. पण अजून आहे. तळाला आहे.”

सिरसी सर्कलच्या पुढे घराकडच्या गल्लीचं तोंड दिसलं. कमलाक्का आनंदानं सीटवरून उठल्याच. आणि नेमकी तेव्हा गाडी एकदा खोकली, दुसऱ्यांदा खोकली आणि गप्प झाली. किल्ली फिरवली, नुसती कुरकुर. पुन्हा फिरवली. काही नाही.

मागे हॉर्नांचा गदारोळ सुरू झाला. घर एवढं जवळ होतं की नुसतं चालत गेलं तरी कॉफीचं पाणी उकळायच्या आत पोचता आलं असतं. कमलाक्का परत सीटवर बसल्या.

“हरले मी,” त्या म्हणाल्या. “जोग बघितला ना, झालं. द्या फोन लावून हर्षला.”

रघुपतीरावांनी दार उघडलं आणि ते खाली उतरले. “इकडं ये. स्टिअरिंगवर बस. गाडी न्यूट्रलला आहे. ब्रेक जड लागेल, दोन्ही पायांनी दाब. गल्लीत वळवताना मोठा वळसा घे.”

“अहो, पण तुम्ही...”

“सरळ धर म्हणतो ना.”

ते मागे गेले. आरशात कमलाक्कांना दिसलं, सहासष्ट वर्षांचा आपला नवरा, केसाएवढ्या फरकानं भाग बाद करणारा, घरगाडीच्या मागच्या दाराला खांदा लावून उभा आहे. गाडी हलली नाही. त्यांनी पाय रोवून पुन्हा जोर केला. एक रिक्षावाला हॉर्न थांबवून उतरला, “स्वल्प तळ्ळी, तळ्ळी! ढकला!” ओरडत त्यानं दोघातिघांना हाका मारल्या. केळ्यांच्या गाडीवाला आला, बसस्टॉपवरचे दोघे आले. सगळ्यांनी मिळून रेटा दिला आणि घरगाडी कुरकुरत निघाली. कमलाक्का स्टिअरिंगला लोंबकळल्या, अंगातलं सगळं बळ लावून त्यांनी वळसा घेतला. गाडी गल्लीत शिरली. गल्लीतली माणसं दारात आली, त्यांनीही हात लावले, आणि घरगाडी आरडाओरड्यात, हसण्याखिदळण्यात दारात येऊन उभी राहिली. कमलाक्कांनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला आणि तो सोडायलाच त्या तयार होईनात.

उमाकांत धावत आला. “काय झालं अण्णा? इंजिन गेलं का?”

“डिझेल संपलं,” रघुपतीराव धापा टाकत म्हणाले. त्यांनी ओट्यावर बसकण मारली. “सकाळी कॅन घेऊन जातो आणि भरून आणतो. मेकॅनिकला सांगून ठेव, पाइपातली हवा काढायला लागेल. आणि नेलमंगलाच्या बाहेर गाडी ठेवायला कुणाचं अंगण मिळतं का बघ. निम्मी टाकी या गावातच जळते.”

“मग हर्षला काय सांगू?”

“दुसरी गाडी बघ म्हणावं. आम्हाला हिवाळ्यात हंपीला जायचंय.”

कमलाक्का अजून स्टिअरिंगवरच होत्या. त्यांनी हे ऐकलं, आणि मग मात्र त्यांनी आख्ख्या गल्लीदेखत भोकाड पसरलं.